ससोबाचं अभ्यंगस्नान

मी आयुष्यात एकच गुन्हा पहाटे केला, आणि तोही पुण्य लागावं म्हणून.

ते वर्ष वाटण्यांचं होतं. भाषेप्रमाणे हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि काचीगुड्यातल्या आमच्या घराचे दोन. बाबा आणि काका एकाच सरकारी कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. कोणत्या राज्यात नोकरी करायची ते लिहून द्या, असा कागद दोघांनाही आला. काकांनी मराठवाडा लिहिला आणि त्यांना औरंगाबाद मिळालं. आई इथल्या मराठी शाळेत शिकवायची, म्हणून बाबा हैदराबादेतच राहिले. मला त्या सगळ्या राजकारणातलं एवढंच कळलं, की माझी चुलत बहीण जाणार आणि तिचा ससा राहणार. काका म्हणाले होते, "ट्रंका मावेनात डब्यात, आणि म्हणे ससा!"

बहीण दहा वर्षांची, माझ्याहून एकाच वर्षाने मोठी, पण हुकूम सोडण्यात कलेक्टर. काचीगुडा स्टेशनच्या फलाटावर तिने टोपली माझ्या हातात दिली आणि एकेक बोट मिटत नियम सांगितले.

"कान धरून उचलायचं नाही. ओला पाला द्यायचा नाही. कोबी जास्त नाही. मांजर आलं तर आधी ससा उचलायचा, मग ओरडायचं. तू नेहमी उलटं करतेस."

चार बोटं मिटली. अंगठा उरला. त्याच्यासाठी तिला काही सुचेना.

"मे महिन्यात येईन मी. तेव्हा मला हाच ससा पाहिजे. दुसरा आणून ठेवलास तर ओळखीन."

ओळखलाच असता. दोन महिन्यांचं ते पिल्लू पांढरंशुभ्र होतं, फक्त डाव्या कानावर दौत सांडल्यासारखा करडा डाग. आम्ही त्याला ससोबा म्हणायचो.

ससोबाने मला कामाला लावलं. रुळांपलीकडच्या मैदानातून मी हरळी आणायची, वर्तमानपत्रावर पसरून तिच्यावरचं दव सुकवायची आणि मगच त्याला वाढायची. मेथीच्या काड्या तो अशा ओढून घ्यायचा, जणू काडी आपणहून त्याच्या तोंडात चालत जाते आहे. घरभर त्याच्या लेंड्या असायच्या. "मिरी सांडली समजून आज मी एक उचलणारच होते," आई म्हणाली. त्याने वेताच्या खुर्चीचा पाय कुरतडायला घेतला, तेव्हा बाबा म्हणाले, "राज्याचे तीन तुकडे झाले, आता खुर्चीचेही होऊ द्या."

एके दुपारी तो चालता चालता धप्पकन कुशीवर पडला आणि डोळे अर्धवट मिटून निपचित राहिला. मी टाहो फोडला. भिंतीपलीकडे आमच्या शेजारीण खाला राहायच्या. त्यांच्याकडे शेळ्या, कोंबड्या आणि जगातल्या सगळ्या जनावरांविषयीची मतं होती. त्या भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "मरा नहीं गे, खुश है. पेट भरा तो ऐसाच लुढकते ये." त्यानंतर ससोबा दिवसातून तीनदा खूश होऊन पडायचा आणि तीनदा माझा जीव भांड्यात पडायचा.

मग दिवाळी आली.

दरवर्षी नरकचतुर्दशीला आम्हा दोन्ही घरच्या पोरांचे पाट ओळीने मांडले जायचे. आई आणि काकू तेल चोळायच्या, उटणं लावायच्या आणि धाक घालायच्या, की सूर्य उगवायच्या आत जो न्हाणार नाही, तो नरकात जाईल. त्या वर्षी पाट एकच होता. मी एकटीच बसले, एकटीच न्हाले, आणि नरकासुर म्हणून चिराटाचं कडू फळ पायाखाली चिरडताना ओरडायलाही सोबत नव्हती.

आई ओवाळणीचं ताट आणायला आत गेली. आभाळ उजळायला लागलं होतं. मी टोपलीत पाहिलं. ससोबा न न्हालेला!

बहिणीचा ससा माझ्या हलगर्जीपणामुळे नरकात जाणार, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी नव्हती. मी त्याला उचललं (कान न धरता), पाटावर बसवलं, दोन थेंब तेल लावलं, उटणं चोळलं आणि घंगाळातलं कोमट पाणी तीन तांबे ओतलं. पहिल्या तांब्याला त्याने लाथा झाडल्या. दुसऱ्याला थरथरला. तिसऱ्याला काहीच केलं नाही. केसांचा तो एवढा गोळा पाण्याने उंदराएवढा झाला आणि माझ्या हातांत लोंबायला लागला. कान गार पडले. हे खूश होऊन पडणं नव्हतं. तेवढा फरक मला आता कळत होता.

"आई गं!"

आई ताट घेऊन आली आणि दारातच थिजली. माझ्या आवाजाने भिंतीवर खाला उगवल्या. "नहलाये क्या उसको? हौली है क्या गे बच्ची, पागल! ठंड से मर जाते ये. सुखाव, जल्दी सुखाव!"

आईने ताट खाली ठेवलं. मग तिने जे केलं, ते तिने माझ्या आणि बहिणीच्याही बाळपणी केलं असणार. शेगडी ओढली, फुंकणीने निखारे फुलवले, हाताला लागलं ते मऊ कापड घेतलं आणि ससोबाला मांडीवर पालथा घालून टिपायला लागली. पोट, काखा, कानांमागची जागा. मधूनमधून ती शेगडीवर तळहात धरायची, स्वतःच्या गालाला लावून पाहायची आणि मग त्याच्या पाठीवर ठेवायची. मी तिच्यासमोर ओलेत्या केसांनी उकिडवी बसून मनातल्या मनात पोस्टकार्ड लिहीत होते. 'ती. ताईस, ससा...' त्यापुढे शब्द सुचत नव्हता.

बाबा डोळे चोळत आंघोळीला आले. "माझं नवं धोतर कुठंय?"

"ससा नेसलाय," आई म्हणाली.

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शेगडीपाशी बसले आणि गाठोडं स्वतःच्या हातांत घेतलं. "तू जा, न्हाऊन घे."

"तुम्ही आधी."

कोणीच उठलं नाही. समोरच्या गच्चीवर ऊन आलं. बाबा म्हणाले, "आपण दोघं गेलो नरकात. मुलगी आणि ससा तेवढे वाचले, त्यांचं आटपलंय."

आई हसली, आणि त्याच वेळी धोतरातून नाक हललं. मग मिश्या. मग करडा डाग असलेला कान. थोड्या वेळाने मी कोथिंबिरीची काडी पुढे केली. ती माझ्या बोटांतून एकदम निसटून चालत गेली. दुपारपर्यंत ससोबा कोरडा, फुगलेला आणि आयुष्यात प्रथमच सुगंधी झाला होता. जेवण झाल्यावर तो धप्पकन कुशीवर पडला. मीही त्याच्या शेजारी पडले.

पोस्टकार्डावर मी लिहिलं, 'ससा मजेत आहे. फराळ चांगला झाला.' यात खोटं काय होतं?

मे महिन्यात बहीण आली. तिने कानावरचा डाग तपासला, ससोबाचं वजन हातावर तोललं आणि "बरा ठेवलास" असं प्रमाणपत्र दिलं. प्रवासाची धूळ होती म्हणून आईने तिच्यासाठी न्हाणीत घंगाळ ओढलं. फरशीवर ते खरखरताच ससोबा तिच्या हातांतून उडाला आणि थेट खाटेखालच्या ट्रंकेमागे.

ती माझ्याकडे वळली. "घंगाळाला ससा कशाला घाबरेल?"

मी छताकडे पाहिलं. आईने न्हाणीकडे पाहिलं. बाबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, आणि ते हलायला लागलं. शेवटी मी सगळं सांगितलं. तिन्ही तांबे सांगितले. तिचा चेहरा पांढरा झाला. आता मार बसणार, म्हणून मी डोळे मिटले.

"सूर्योदयाच्या आत घातलीस?" तिने विचारलं.

"हो."

तिने मोठा श्वास सोडला. "तिकडे मी त्या दिवशी किती रडले. म्हटलं, त्याला कोणी न्हाऊ घालणार नाही."

पंधरा दिवसांनी ती परत निघाली, तेव्हा टोपली रिकामीच होती. "इथेच राहू दे त्याला," ती फलाटावर म्हणाली. "एवढा नरकातून वाचलाय, आता गाडीत कशाला कोंबू?" मग तिने हात वर केला, चार बोटं भराभर मिटली आणि माझ्या नाकासमोर अंगठा धरून पाचव्या नियमासाठी तोही सावकाश मिटला.

गाडी हलली, तशी ती खिडकीतून ओरडली, "ओवाळलंस तर चालेल!"

तेव्हापासून दर दिवाळीला ससोबाला कोरडंच ओवाळायचं, हे आमच्या घरात ठरून गेलं.