वाटे घालणार कोण?

साताऱ्यातले आमचे वकीलसाहेब चष्मा घासूनपुसून लख्ख करतात आणि बघतात मात्र त्याच्यावरून. मी आणि माझा मेहुणा आमची स्ट्रॉबेरी जॅमची कंपनी फोडायला त्यांच्याकडे गेलो, तर आमच्या जाडजूड फायली त्यांनी उघडल्याच नाहीत. नुसत्या कोपराखाली घेतल्या.

“भावाभावांत शेताचं करत्यात तसंच करू. एकानं दोन वाटं घालायचं, दुसऱ्यानं त्यातला पायजे त्यो आधी उचलायचा. बोला, घालतंय कोन?”

“आवं साहेब, चांगला वाटा दाजीच उचलत्याल की!” मेहुणा माझ्याकडे बोट करून ओरडला.

“मग दोन्ही चांगलं घाल.”

हे काही आम्हाला सुचलं नव्हतं.

त्याला तीन हंगाम झाले. साहेब भेटले की चष्म्यावरून विचारतात, “घातलं का वाटं?”

“यंदाचा हंगाम होऊ द्या,” आम्ही दोघं एकदमच म्हणतो.