पडवीतली सवत

कट्टा या गावी आमच्या घराच्या पडवीत मांयची सवत राहते. नाव मांयनेच दिलेलं. पप्पांनी ती टेम्पोतून उतरवली तेव्हा मांयने फक्त विचारलं, हिला जेवायला काय घालायचं?

सवत म्हणजे छोट्या विमानाचं जुनं इंजिन. पप्पा लांब एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते, वर्षातून एकदा घरी यायचे. शेत, काजू, आम्ही भावंडं, सगळं मांयने एकटीने ओढलं. पप्पांच्या इंजिनांना ती तेव्हापासूनच सवत म्हणायची. निवृत्त होताना त्यांनी हे भंगारात निघालेलं इंजिन मागून घेतलं. ज्याच्यापायी बायकोला एकटं ठेवलं त्याचा आवाज तिने एकदा तरी ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी आधी हसलो. मग जवळून बघितलं आणि खुळावलो. चार सिलिंडर, त्यांच्याभोवती पापडासारख्या पातळ चकत्या. त्यांच्यातून वारा जातो आणि इंजिन निवतं. पाणी नको, बॅटरी नको. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एक रुसला तर दुसरा आहेच. इतकं कुणावाचून न अडणारं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. माणूस पाहिलं होतं, ते स्वयंपाकघरात होतं.

नाताळाआधी पप्पांनी इंजिन अंगणात फणसाच्या जाड वाशांवर आवळून बसवलं, आम्हाला लांब उभं केलं आणि त्याला जोडलेला लाकडी पंखा हाताने फिरवला. दोन-चार हिसक्यांत ते जागं झालं. पाचोळा उडाला, कोंबड्या पळाल्या. तो भरदार, एकसारखा आवाज ऐकून मला चक्क रडू आलं. मांय दारात उभी होती. चेहऱ्यावर काही नाही.

पप्पांनी इंजिन बंद केलं आणि हात पुसायला फडकं शोधू लागले. तेवढ्यात मांय कळशी घेऊन आली आणि शेतातला पंप तापला की ओतते तसं गार पाणी तिने त्या तापलेल्या इंजिनावर ओतलं. तडकन आवाज झाला. एका सिलिंडरला भेग गेली.

साधा पाना हातातून पडला तरी पप्पा आम्हाला फाडून खायचे. मी डोळेच मिटले.

"तापलेला दिसला, म्हणान घातलंय," मांय म्हणाली.

पप्पांनी वाकून भेग बघितली. मग त्यांनी तिच्या हातातली कळशी घेतली. "जलमभर सवत म्हणालंस गो," ते म्हणाले, "आणि तापली तेव्हा पाणी तूच घातलंस."

दुपारी मी नवा सिलिंडर कुठे मिळेल ते विचारत होतो. मांय वाढता वाढता म्हणाली, "आवाज बरो होतो तेचो."

पप्पांनी त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला.