ओला चुरा

भंगार जड भरावं म्हणून त्यावर पाणी मारायची आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. माझ्या साळ्यानं मला न विचारता मॅग्नेशियमचा चुरा खाऱ्या पाण्यानं भिजवला आणि ड्रम घट्ट बंद केला. ओलं मॅग्नेशियम गंजताना हायड्रोजन सुटत राहतो, हे मी त्याला कितीदा बजावलं होतं. हिंगण्याचा एक कारखानदार मी मोठ्या घासाघिशीनं पटवला होता. त्याच्याच दारात फुगलेल्या ड्रमचं झाकण त्याच्या कानाजवळून उडालं.

"काय भरून आणलं गा?" तो माझ्यावर धावला.

"मले काय मालूम? माल भाऊजीचा आहे," साळा म्हणाला.

मी साळ्याची कॉलर धरली. चूक माझी आणि राग गरीब साळ्यावर, एवढंच कारखानदाराच्या लक्षात राहिलं. आता तो साळ्याकडूनच माल घेतो.