केरातली करवंदं

ओव्हनमधून नाचणीच्या केकमधल्या करवंदांचा आंबटगोड वास सुटला आणि लग्नानंतरचा पहिला मे महिना आठवला. चाकणजवळच्या गावाहून आई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन निगडीला माझ्या सासरी आली होती. जाऊबाईंनी तिच्यासमोरच द्रोण केरात उपडा केला. "असलं जंगली आमच्याकडे कोणी खात नाही."

"व्हय, ऱ्हाऊ द्या," म्हणत आई हसली. तेव्हा तिचं हसूच दिसलं. काट्यांनी ओरबाडलेले हात तिनं पदराखाली घेतले, ते आता दिसतात.

हल्ली जाऊबाईंना मैदा, साखर बंद. आजच्या भिशीला त्यांनीच फर्मावलंय, "तुझा तो हेल्दी बेरीवाला केक आण."

नेते की! त्यांना दुसरा तुकडा मागू दे, मग सगळ्यांदेखत सांगेन, "जाऊबाई, तुम्ही केरात टाकली होतीत ना, तीच ही करवंदं. आईनंच तोडून पाठवलीत."