क्लबहाऊसचं कुलूप

आनंदराज म्हणजे धर्माबादच्या मिरची बाजारात हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा. बँकेतली कारकुनी सोडून त्यांनी लातुरात रेवणप्पा या मित्रासोबत वाहनकर्जाची फायनान्स कंपनी काढली. बँका ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, त्यांना टेम्पो आणि पिकअप मिळवून दिले. अठ्ठावीस वर्षांनी एका बड्या कंपनीने ती विकत घेतली. रेवणप्पा उदगीरला परतला आणि आनंदराज बायकोला, रेणुकाला घेऊन नांदेडला मुलीजवळ राहायला आले.

घरात बसून करमेना. तेवढ्यात विष्णुपुरीकडे नऊ होलचा गोल्फ क्लब निघाला. अध्यक्ष साहेबराव हे बांधकामवाले, जुन्या ओळखीचे. त्यांनी सचिव व्हा म्हणून गळ घातली. आनंदराजांनी गोल्फची काठी जन्मात हातात धरली नव्हती. पण खेळाडूने आपले फटके आपणच मोजायचे आणि खरे लिहायचे, हा नियम त्यांनी पुस्तकात वाचला आणि त्यांना खेळच आवडून गेला.

ती आवड महिनाभरात ओसरली. शहरातले नामांकित डॉक्टर बुटाच्या टोकाने चेंडू पुढे ढकलत होते. वाळूच्या खड्ड्यांत गुटख्याच्या पिचकाऱ्या पडत होत्या. याच्याकडे त्यांनी काणाडोळा केला.

मग एका सभासदाचं पत्र आलं. खुरपणाऱ्या बायांमुळे सातव्या होलजवळ घाण होते, बंदोबस्त करावा.

शेजारच्या वस्तीवरच्या अकरा बाया मैदानावर कामाला होत्या. आनंदराजांनी त्यांच्या मुकादम साखराबाईला बोलावून विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "जावं तरी कुठं साहेब? क्लबच्या संडासाला आमच्यासाठी कुलूप हाय. बाया दिवसभर पाणीच पिऊन न्हाई राहिल्या."

सभासद यायच्या आधी शिपाई ते दार उघडून ठेवायचा. आपण रोज त्याच संडासात जातो आणि ते कुलूप आपल्याला कधी दिसलं नाही, याची आनंदराजांना शिसारी आली. त्यांनी ते त्याच दिवशी काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी तिथे नवं कुलूप होतं. साहेबरावांनी लावलेलं.

बायांना क्लबहाऊसमध्ये येऊ देऊ नये, असा ठराव कार्यकारिणीच्या बैठकीत आला. कुणी म्हणालं, वास येईल. कुणी म्हणालं, आमच्या घरच्या बायका इकडे फिरकणार नाहीत. शेवटी साहेबराव हसून म्हणाले, "आनंदराज, तुम्ही आता आमच्यातलेच झालात. त्यांची वकिली कशाला करता?"

आधी आडनाव विचारून मगच चहाला हात लावणारी माणसं आनंदराजांनी लातुरात पुष्कळ पाहिली होती. 'आमच्यातले' म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते इतिवृत्त लिहीत राहिले.

दुसऱ्या दिवशी बैठकीचं इतिवृत्त सगळ्यांच्या घरी पोचलं. कोण काय म्हणालं ते नावानिशी, शब्दाला शब्द. क्लबच्या नियमाप्रमाणे त्यावर बोलणाऱ्याची सही असल्याशिवाय ठराव लागू होत नव्हता.

साहेबरावांचा फोन आला. असं कुठं लिहितात का, 'चर्चा झाली' एवढंच लिहा, असं ते म्हणाले.

"तुम्ही बोललात तेच लिहिलंय," आनंदराज म्हणाले. "चुकलं असेल तर खोडा आणि खाली सही करा."

सही कुणीच केली नाही. ठराव बारगळला, कुलूप निघालं. पण दोन महिन्यांत सभासदांनी वर्गणी काढून पलीकडे दुसरा संडास बांधला, संगमरवरी. दारावर पाटी लावली, 'फक्त सभासदांसाठी'. जुन्याकडे त्यांच्यापैकी कुणी वळेना. बायांना कुणी वाकडा शब्दही बोललं नाही. ते शांतपणे बाजूला सरकणं आनंदराजांना शिवीपेक्षा घाण वाटलं.

त्यांनी राजीनामा लिहिला. रेणुकाने तो वाचून एवढंच विचारलं, की तुमच्या जागी येणारा माणूस पहिलं काम काय करील? त्यांनी कागद फाडला.

आज चौथं वर्ष आहे. साखराबाई आता कामावर येताना बायांना प्यायला पाण्याचा कॅन भरून आणते. आनंदराज संगमरवरी संडासाची पायरी चढत नाहीत. डबा ऑफिसात एकटेच खातात. साहेबराव भेटले की हात पुढे करतात. आनंदराज दुरूनच जयभीम करतात आणि चालू लागतात.