पुढची हिरवी, मागची पिवळी

विमानातल्या पुढच्या खुर्चीत एकदा तरी बसायचं, एवढंच आमच्या वहिनीने आयुष्यात स्वतःसाठी मागितलं. बाकी सगळं तिने दुसऱ्यांसाठी मागितलं, आणि तेही भांडून. मी तिची नणंद. म्हणजे त्या भांडणांत निम्मा वाटा माझाच, तेव्हा तिच्याबद्दल काय ते मला विचारा.

वहिनी विमानातल्या खुर्च्यांची कव्हरं शिवायची. विमानतळाच्या मागच्या अंगाला एक लांबलचक पत्र्याचं वर्कशॉप आहे, तिथे. लग्न होऊन आली तेव्हा तिला उशीचे अभ्रे सोडून काही शिवता येत नव्हतं. पण तिची लेक, म्हणजे माझी भाची, शाळेत जायला लागली, दिवसभर घर खायला उठलं, आणि वहिनी जी त्या वर्कशॉपला चिकटली ती निवृत्त होईपर्यंत. ते कापडही साधं नव्हे. आग लागली तरी पेटू नये असं जाड आणि हट्टी. सुया बोथट व्हायच्या, वहिनीची बोटं नाही झाली. मळलेली कव्हरं विमानातून गठ्ठ्याने यायची, धुऊन-दुरुस्त होऊन गठ्ठ्याने परत जायची. आणि गंमत बघा, एवढी वर्षं डोक्यावरून विमानं घरघरत गेली, पण आपलं कव्हर चढवल्यावर खुर्ची दिसते कशी, हे बाईने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

तिथे एक पद्धत होती. कव्हराच्या खालच्या घडीत, बसणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, प्रत्येकीने आपापल्या रंगाच्या धाग्याचे तीन टाके घालायचे. कुठे शिवण उसवली की तपासनीस घडी उलटायचा आणि हाक मारायचा, "पिवळीला बोलवा." पिवळी म्हणजे आमची वहिनी. शेजारच्या मशीनवर बसायची ती हिरवी. या दोघींचं कधी म्हणजे कधी पटलं नाही. सुरुवात एका कात्रीवरून झाली म्हणतात, पुढे कात्री हरवली आणि भांडण तेवढं राहिलं. हिरवी घाई करते, हिरवीचे कोपरे फुगतात, हिरवीचे टाके सैल. आमच्या रोजच्या जेवणात मिठाइतकी हिरवी असायचीच.

तीन पिवळे टाके वहिनीच्या हातात इतके बसले होते की घरातली एक वस्तू त्यातून सुटली नाही. उशा, पडदे, छत्रीची पिशवी, नातीचं दप्तर. दादा म्हणायचा, "मी रात्रभर कूस बदलत राहतो गं, नाहीतर ही मलाही टाके घालून ठेवेल."

आता कळीची गोष्ट. बिझनेस क्लासची, म्हणजे विमानाच्या पुढच्या भागातली कव्हरं वर्कशॉपमध्ये मानाची. ती फक्त जुन्या जाणत्या हातांना मिळायची, आणि वहिनीने ती वर्षानुवर्षं शिवली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. परत कामावर गेली तर साहेबांनी तिला मागच्या साध्या खुर्च्यांच्या कव्हरांवर बसवलं आणि पुढची सगळी हिरवीला दिली. वहिनीने तोंडातून ब्र काढला नाही, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे आमच्या घरात भूकंप. कितीतरी दिवसांनी एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "वन्सं, आता मला टाके सरळ येत नाहीत असं त्यांना वाटतं."

मी त्या साहेबाला मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण निरोपाच्या दिवशी त्याच साहेबाने तिला घड्याळ-बिड्याळ न देता पुढच्या वर्गाचं विमानाचं तिकीट दिलं. बाई घरी आली ती पळतच. "माझी जुनी कव्हरं अजून फिरताहेत, वन्सं. एखादं तरी असेलच. मी घडी उलटून बघणार, आणि पिवळं दिसलं की मग टेकून बसणार."

योगही जुळून आला. जावयाला लांबच्या शहरात नोकरी लागली होती आणि भाचीला दोन्ही मुलं घेऊन त्याच्याकडे जायचं होतं. मोठी भिंगरी, पाच वर्षांची, नावाप्रमाणे एका जागी न ठरणारी. धाकटा भोपळा, नुकता वर्षाचा झालेला, आणि त्याला भोपळा का म्हणतो ते उचलल्यावर कळतं. सोबतीला वहिनी आणि मी. वहिनीचं तिकीट पुढचं, आमची तीन मागची, भोपळा मांडीवर. भाचीने आईला आधीच तंबी देऊन ठेवली, "आई, तू पुढे बसायचंस आणि तिथून हलायचं नाहीस. मुलांचं मी आणि आत्या बघू." मीही छाती काढून म्हटलं, "मी आहे ना." दादा काही येणार नव्हता. त्याला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. त्याने आम्हाला विमानतळाच्या दारात सोडलं आणि विमान जणू तिथूनच उडणार असल्यासारखा घाईघाईने मागे सरकला.

काय सांगू तुम्हाला, विमानात पाऊल टाकलं आणि वहिनीच्या तोंडावर जे तेज आलं ते तिच्या लग्नातही मी पाहिलं नव्हतं. मी तर हुरळूनच गेले होते, भिंगरीच्या वरताण. पुढच्या खुर्च्या ऐसपैस, पाय ताणले तरी समोर टेकायचे नाहीत. वहिनीने आपल्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, बाजारात पीस बघतात तसा चिमटीत धरून कापड पाहिलं. "हे असं दिसतं होय," एवढंच म्हणाली. मला तिथेच थांबायचं होतं, पण मागून लोक ढकलायला लागले, आणि आम्ही बोचकी-पोरं सावरत थेट शेपटापर्यंत गेलो. जाता जाता वळून पाहिलं तर वहिनी खाली वाकली होती.

विमान उडालं. भिंगरीने खिडकीतून ढग पाहिले, घरं पाहिली, आणि मग मान वळवून विचारलं, "आजी कुठे?" पुढच्या आणि मागच्या भागामध्ये एअर होस्टेसने पडदा ओढला होता. "त्या पडद्यामागे," मी म्हटलं. झालं. पोरीला वाटलं, आजी गेली ती गेलीच. ती पट्ट्यातून सुटून पडद्याकडे पळाली. मी तिला धरून आणली. पुन्हा पळाली. एअर होस्टेस गोडच होती, पण म्हणाली, "मागच्या प्रवाशांना पुढे जाता येत नाही हं." पाच वर्षांच्या पोरीला हे पटवायला बसा तुम्ही. तेवढ्यात भोपळ्याचे कान दुखायला लागले असावेत, त्याने असा सूर लावला की आसपासच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. भाची त्याला खांद्यावर घेऊन मधल्या वाटेत उभी राहिली. मी भिंगरीला गोष्ट सांगितली, तिने ऐकली नाही. खाऊ दिला, तो माझ्या मांडीवर सांडला. मी आहे ना म्हणणारी मी, माझा पार चोथा झाला.

आणि पडदा सरकला. वहिनी. मला वाटलं होतं, चेहरा उजळलेला असेल. तर बाई हिरमुसलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझ्या खुर्चीखाली हिरवा," ती म्हणाली. "शेजारची रिकामी होती, तिच्याखाली हिरवा. पलीकडे एक गृहस्थ होते, त्यांना म्हटलं जरा उठता का. उठले बिचारे. हिरवा. ती एअर होस्टेस धावत आली, तिला वाटलं मी लाइफ जॅकेट शोधतेय. म्हणाली, घाबरू नका, आत्ता लागणार नाही."

मला हसू आवरेना, आणि वाईटही तितकंच वाटलं. सगळी हौस त्या एका घडीत होती, आणि घडीत निघाली हिरवी. "तरी बसा टेकून," मी म्हटलं. "जेवण येईल छान. परत थोडंच मिळणार आहे?"

"बसणारच आहे," वहिनी म्हणाली. "नुसती एक फेरी मारायला आले."

पण तिचं लक्ष लेकीकडे गेलं. भाची भोपळ्याला थोपटत उभी होती आणि उभ्या उभ्याच तिचे डोळे मिटत होते. सामानाची बांधाबांध, घर रिकामं करणं, दात येणारं पोर, किती दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. भोपळा खांद्यावरून घसरला, तिने दचकून सावरला आणि पुन्हा डोळे मिटले.

वहिनी एअर होस्टेसकडे गेली. "मी इथे बसते, माझ्या लेकीला पुढे बसू द्या."

एअर होस्टेस तिच्या वरिष्ठ बाईंना विचारून आली. "चालेल. पण एकदाच हं. मग उतरेपर्यंत अदलाबदल नाही."

भाचीला हे कळल्यावर तिने आकांत मांडला. "आई, तू आयुष्यभर वाट पाहिलीस. मी नाही जाणार." माझ्याही जिभेवर आलं होतं की वहिनी, थांबा, जेवण तरी होऊ द्या. वहिनीने भोपळा तिच्या हातून काढून घेतला, तिची पर्स तिच्या खांद्याला अडकवली आणि लेकीच्या लग्नातही लावला नव्हता असा आवाज लावला, "चालू लाग." भाची गेली. पडदा बंद झाला. वहिनीने एकदा त्या पडद्याकडे पाहिलं, मग आमच्या मधल्या अरुंद खुर्चीत बसली, आणि भोपळा तिच्या खांद्यावर असा निजला की जणू तो कधी रडलाच नव्हता. लबाड कुठला.

भिंगरीही सुतासारखी सरळ झाली. आजी आली म्हटल्यावर तिला चित्र काढायची आठवण झाली. रंगीत खडू काढला, तो हातातून निसटला आणि वहिनीच्या खुर्चीखाली गेला. पोर पायांशी वाकली. खडू काही सापडेना, पण कव्हराची कड तिच्या हाती लागली आणि तिने वेल्क्रो खर्रकन ओढला. मी ओरडणार एवढ्यात खालून आवाज आला.

"आजी, ही तर आपली खुर्ची."

"गप बस आणि वर ये," मी म्हटलं.

"अगं आत्याआजी, खरंच. दप्तरावर आहेत तसे. पिवळे."

वहिनी हलेना. भोपळा अंगावर, वाकणार कशी? तिने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा सोडला, कंबरेला जेवढं जमलं तेवढी वाकले, आणि उलटलेली घडी मोबाइलच्या उजेडात बघितली. तीन टाके. पिवळेजर्द. भिंगरी तोवर माझ्या खुर्चीखाली पोचली होती. "इथे पण." मग स्वतःच्या. "माझ्या पण." रांगच्या रांग वहिनीची होती.

मी मोबाइलने फोटो काढला आणि तिच्यासमोर धरला. तिने तो बोटांनी मोठा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तिचे डोळे भरून आले होते, तरी बघतच होती.

"ऑपरेशननंतरचे आहेत हे," ती म्हणाली. "वन्सं, सांगा, सरळ आहेत की नाहीत?"

"फूटपट्टी लावल्यासारखे आहेत," मी म्हटलं, आणि हे मी तिचं मन राखायला म्हटलं नव्हतं.

मग ती टेकून बसली. पाठ पूर्ण टेकून, मान मागे टाकून. एका बाजूने भिंगरी रेललेली, खांद्यावर भोपळा, हात हलवायला जागा नाही, जेवणाचा ट्रे आला तर तिला घास मी भरवला. तिच्याइतकं सुखी माणूस त्या अख्ख्या विमानात कोणी नसेल, पुढे नाही आणि मागे नाही.

उतरताना आम्ही सगळ्यात शेवटी. पुढे येऊन बघतो तर भाची त्या ऐसपैस खुर्चीजवळ आमची वाट बघत उभी, गालावर कव्हराची शिवण उमटलेली. सगळा वेळ झोपली होती पोरगी. "आई, मी जेवलेसुद्धा नाही गं. तुझी जागा वाया घालवली."

"माझी कुठली?" वहिनी म्हणाली. तिने त्या खुर्चीच्या कोपऱ्यावर बोट दाबलं, शिवण चाचपली, पुन्हा दाबलं. मग मला म्हणाली, "वन्सं, फोन लावा."

"दादाला?"

"हिरवीला."

मी फोन लावून तिच्या कानाशी धरला, कारण भोपळा अजून तिच्याच खांद्यावर होता. एअर होस्टेस दारात आमची वाट बघत ताटकळली होती, पण वहिनीला घाई नव्हती.

"अगं, मी विमानातून बोलतेय," ती म्हणाली. "पुढच्या खुर्च्या बघितल्या. कोपरे फुगलेले नाहीत. माझी लेक तुझ्या खुर्चीत गाढ झोपली, हे सांगायला फोन केला."

पलीकडून हिरवीचा आवाज मलाही ऐकू आला, "आणि मागच्या? मागच्या बघितल्यास का?"

"मागे काय बघायचंय," वहिनी म्हणाली. "मागे माझी माणसं बसली होती, माझ्याच कव्हरांवर."