शिवण शाबूत, पण बोरा कुणाचा?

मुर्री गावातली भूमिका नावाची मुलगी घरबसल्या मदतीची पानं लिहायची. प्रोग्रामर मंडळी कोडमधला एकेक बदल ज्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवतात, ते वापरायचं कसं, याची पानं. सहा महिन्यांची कच्ची नोकरी. पक्की व्हायची की नाही, हे एका पानावर अडलं होतं.

पान होतं सहीचं. बदल करणारा आपल्या गुप्त कुंजीनं, म्हणजे फक्त त्याच्याकडच्या सांकेतिक आकड्यानं, सही करतो आणि तिच्या जोडीची उघडी कुंजी घेऊन कुणीही ती तपासतो. भूमिकानं ठोकून दिलं, 'सही जुळली की बदल निर्धास्त घ्या.' वरिष्ठ रुचीनं पान दोनदा परत धाडलं. प्रश्न एकच: कुंजी कुणाची, हे कसं कळलं? सही जुळली, आता आणखी काय हवं या बाईला, म्हणून भूमिका धुसफुसत राहिली. सोमवारी शेवटची संधी होती.

शनिवारी एक अनोळखी टेम्पोवाला धानाच्या बियाण्याचा बोरा, तोंड शिवलेलं पोतं, घेऊन दारात आला. बोऱ्यावर नाव शामकलाबाईंचं. अर्धं गाव रोवणीच्या रोपांसाठी त्यांच्याच बियाण्यावर पऱ्हे टाकतं. शिवण पक्की, दोरा कुठं उसवलेला नाही. घेऊन टाका, भूमिका म्हणाली. वडिलांनी, भैय्यालालांनी, बोऱ्याला हात लावला नाही.

"शिवन बराबर आहे, पोरी. मंधात कोनं खोललं नाही. पन शिवलं कोनं, हे शिवन सांगते का?"

त्यांनी शामकलाबाईंना बोलावलं. बाईंनी शिवणीच्या टोकाची गाठ बघितली आणि बोरा आपला नाही म्हणून सांगितलं. नवीन माणसाला पहिला बोरा देताना त्या आपली गाठ स्वतः दाखवतात. भैय्यालालांनीही ती तशीच पाहिली होती. टेम्पोवाला बोरा उचलून निघून गेला.

भूमिका ताडकन आत गेली आणि लिहायला बसली. सही जुळली याचा अर्थ एवढाच, की बदल या कुंजीनं सही केलेला आहे आणि त्यानंतर कुणी त्याला हात लावलेला नाही. कुंजी कुणाची, याची खात्री तिच्या मालकाकडून करून घ्या, नाहीतर तुमच्या भरवशाच्या माणसाकडून. उदाहरणातल्या मालकिणीचं नाव तिनं ठेवलं शामकला.

पान पास झालं, नोकरी पक्की झाली. भूमिका धावतच शामकलाबाईंकडे गेली. काकी, तुमच्यामुळं झालं, म्हणाली. बाईंनी पान वाचून घेतलं, नाव पाहून खूश झाल्या, मग थबकल्या.

"नाव त कोनीही लिहिते, माय. माही गाठ दाखवली का?"

भूमिकाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. घरी येऊन तिनं त्या नावाखाली कुंजीचा ठसा, म्हणजे ती ओळखायची खूण, टाकला, सगळी चाळीस अंक-अक्षरं, एकही न गाळता.